रोहिणीच्या तोंडावर पडला म्हणून तो पेरणीचा पाऊस होत नाही

सीनाकाठ :
मंडळी, मे अखेरचं रोहिणी नक्षत्र लागायला चार दिवस उरलेत. परवा संध्याकाळी आमच्याकडं (परांडा तालुका, धाराशिव) पश्चिमेकडून आभाळ उठलं. आधी धुरळ्याचा लोट, मग टपोरे थेंब, आणि चाळीस मिनिटांत माझ्या मापाच्या बाटलीत 31 मिलिमीटर पाणी. ओढ्यापलीकडं चुलत्याचं रान आहे, जेमतेम दीड किलोमीटरवर. तिथं धुरळासुद्धा नीट बसला नाही. वळीव (मान्सूनआधीचा उन्हाळी पाऊस) बैलाच्या एका शिंगावर पडतो आणि दुसरं कोरडं राहतं म्हणतात, ते डोळ्यांनी पाहिलं.

काल सकाळी पारावर तिघेजण सोयाबीनच्या बॅगांचा भाव विचारत होते. म्हणून हा विषय काढतोय.

2025 साली ही चूक मी केली. त्या वर्षी मान्सून 24 मे रोजी केरळात आला, म्हणजे नेहमीच्या 1 जूनच्या आठ दिवस आधी. 26 तारखेला मुंबई-पुण्यात. त्याआधीच आमच्या रानात गुडघाभर चिखल झालेला. सगळ्यांना वाटलं, यंदा वरुणराजा लवकर पावला. मी जूनच्या पहिल्या आठवड्यात चार एकर सोयाबीन पेरलं. उगवलं, दोन पानांवर आलं, आणि आभाळ जे मोकळं झालं ते झालंच. निम्मा जून पाऊस पुढं सरकेना. दुपारी रानात गेलं की रोपं माना टाकून उभी. पिकाच्या ओळींमधून बोट घातलं तर वर कोरडी भुकटी, खाली चार बोटांवर थोडी ओल, पण तिथवर मूळच पोचलं नव्हतं. दुबार पेरणी केली. चार बॅगा, खत, ट्रॅक्टरचं भाडं, सगळं दुसऱ्यांदा.

माझं म्हणणं ठाम आहे. मे महिन्यात कितीही कोसळला तरी कोरडवाहू माणसानं तो पेरणीचा धरू नये. कृषी विभाग सांगतो, 75 ते 100 मिलिमीटर पडल्याशिवाय पेरू नका. तो आकडा जिल्ह्याचा नाही, तालुक्याचा नाही, आपल्या शिवाराचा हवा. त्यासाठी प्रत्येक गावात दोन-चार ठिकाणी माप आणि एक वही पाहिजे. जिल्ह्याच्या अंदाजावर शिवाराचा निर्णय घेणं थांबवा.

ढगांचा_अभ्यास (पुणे) :
वहीचं पटलं, पण एक दुरुस्ती करतो, कारण चुकीचा धडा घेतला जाऊ नये. 2025 च्या मे महिन्यातला तो मोठा पाऊस वळीव नव्हता. कोकण किनाऱ्यालगत अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र झालं, त्याची तीव्रता वाढली आणि 24 मे रोजी ते रत्नागिरी ते दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं. अशी प्रणाली शेकडो किलोमीटर पसरलेली असते, तिचा अंदाज तीन-चार दिवस आधी देता येतो आणि दिला गेलाही होता.

तुमचा परवाचा ढग मात्र वेगळा. दिवसभर तापलेली जमीन, समुद्राकडून आलेली वाफ, दुपारनंतर हवा उसळते आणि बघता बघता ढग बारा-चौदा किलोमीटर उंच जातो. रुंदी मात्र थोडी, आयुष्य तास-दीड तास. तो ओढ्याच्या अलीकडं पडेल की पलीकडं, हे आदल्या दिवशी कुणीही सांगू शकत नाही. 2025 च्या मे महिन्यात सुरू झालेल्या भारत फोरकास्ट सिस्टीममध्ये (हवामान अंदाजाचं संगणकी प्रारूप) नकाशाची प्रत्येक चौकट 6 किलोमीटरची आहे, आधी ती 12 ची होती. सहाची चौकट म्हणजे सुद्धा जवळपास नऊ हजार एकर.

त्यामुळं अंदाज टाकून देऊ नका, कुठला अंदाज कशासाठी हे ओळखा. रडारवरून पुढच्या तीन तासांचा इशारा येतो, तो जनावरं बांधायला आणि कांदा झाकायला. पाच दिवसांचा अंदाज पेरणीला. हंगामाचा टक्क्यातला अंदाज शेतकऱ्याला जवळजवळ कशालाच नाही. 2025 ला देशात सरासरीच्या 108 टक्के पडला, त्यात तुमचा कोरडा जून आणि सप्टेंबरचा महापूर दोन्ही सामावले आहेत.

तापीकाठचा_कापूसवाला :
सीनाकाठ भाऊ, तुमचं नुकसान वाईट झालं, पण स्वतःच्या चटक्यावरून सगळ्या महाराष्ट्राला नियम लावू नका. खान्देशात आम्ही धूळपेरणी करत आलो. पाऊस यायच्या आधी कोरड्या जमिनीत बी टाकायचं, पाऊस आला की ते सगळ्यांच्या पुढं. ठिबकवाले तर मे अखेरच कपाशी लावतात. तुमची 100 मिलिमीटरची अट पाळत बसलो तर एकदा झड लागल्यावर आठ-दहा दिवस वाफसा (पेरणीजोगी ओल) मिळत नाही. तेव्हा गावात ट्रॅक्टर चार आणि पेरणारे दोनशे. शेवटचा नंबर कुणाचा लागतो? दोन एकरवाल्याचा. त्याला थांब म्हणणं सोपं आहे, थांबल्यावर त्याचं पीक महिनाभर मागं पडतं त्याची भरपाई कुणी देत नाही.

माणदेशी_तात्या :
माझं वय चौऱ्याहत्तर. 1972 चा दुष्काळ या हातांनी खडी फोडून काढलाय. आमचा माण तालुका म्हणजे पावसाच्या सावलीतला, इथं पावसाकडं बघणं हाच निम्मा धंदा. माझे वडील रोहिणीत कधी तिफण बाहेर काढत नव्हते. रोहिणीचा पाऊस रानाचा ताप काढायला, त्यानंतरच्या मृगाचा पेरायला. नक्षत्र बघायचं, त्याचं वाहन (पंचांगात दिलेला प्राणी) बघायचं, आणि मग रानाकडं बघायचं. मुंग्या तोंडात अंडी धरून बांधावर चढायला लागल्या, पावशा पक्षी ‘पेर्ते व्हा’ म्हणायला लागला, की कळायचं. तुम्ही पोरं मोबाईलमध्ये आभाळ बघता, मान वर करत नाही. दुबार पेरणी आमच्या काळातही व्हायची, पण इतकी नाही.

ढगांचा_अभ्यास :
तात्या, तुमच्या वडिलांनी रोहिणीत तिफण काढली नाही हे शंभर टक्के बरोबर होतं. तिथपर्यंत मी तुमच्या बाजूनं आहे. पण वाहनावर माझा विश्वास नाही. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस भरपूर, हे पंचांगात गणितानं ठरतं, त्या वर्षीच्या समुद्राचा किंवा वाऱ्याचा त्यात काहीच हिशेब नाही. आणि आणखी एक गोष्ट. सूर्य कुठल्या नक्षत्रात आहे यावरून ही नक्षत्रं मोजतात, आणि ती ऋतूंच्या तुलनेत साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस पुढं सरकतात. हजार वर्षांपूर्वी मृग ऋतुमानानं आजच्यापेक्षा चौदा दिवस आधी लागायचा. आपल्या म्हणींमधला मृग आणि आजचा मृग ऋतूच्या एकाच जागी नाहीत.

मुंग्यांचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. दमटपणा त्यांना कळतो. पण त्यांना आजचं कळतं, पुढच्या पंधरा दिवसांची उघडीप कळत नाही. दुबार पेरणी होते ती त्या उघडिपीमुळं.

माणदेशी_तात्या :
गणित तुमचं असेल. वाहनाचं सोडा मग, मी हट्ट धरत नाही. पण नक्षत्रांनी माणसाला थांबायला शिकवलं होतं. पंधरा दिवसांचा एक कप्पा, त्याच्या आत त्याचंच काम. तुमचा मोबाईल दर तासाला बदलतो आणि माणूस दर तासाला उठतो. थांबायचं कसं हे त्यात कुठं लिहिलंय?

खुरपंवाली (लातूर) :
पुरुषमंडळी बी आणि ट्रॅक्टरवर बोलताय, मी तणावर बोलते, कारण ते माझ्या वाट्याला येतं. 2025 च्या मे महिन्यात पाऊस लागला तेव्हा नांगरटी व्हायच्या होत्या. ढेकळं उन्हात तापली नाहीत, रानात हराळी आणि लव्हाळा हिरवागार उठला. ज्यांनी त्याच ओलीवर पेरलं, त्यांच्या सोयाबीनच्या आधी तण वर आलं. आम्ही नऊ बायका सकाळी सातपासून वाकलेलो, पिकाच्या एका ओळीला दीड-दोन तास लागायचे, कारण रोप कुठलं आणि केन्याचं तण कुठलं ते बोटांनी चाचपावं लागत होतं.

माझ्या दिरांनी थांबून घेतलं. पहिल्या पावसाचं तण सगळं उगवू दिलं, वाफसा आल्यावर कुळवाची पाळी घातली (कुळवानं रान मोकळं केलं), आठ दिवसांनी दुसरी पाळी, मग मृगाच्या शेवटी पेरलं. त्यांच्या रानात आम्ही एकदाच खुरपलं. मे महिन्याच्या पावसाचा हा उपयोग आहे. तो तण उगवून मारायचा पाऊस आहे. कापूसवाले दादा, तुम्ही ट्रॅक्टरच्या नंबराचं म्हणालात ते खरं, पण निंदणीच्या हजेरीचा खर्चही त्याच दोन एकरवाल्याच्या खिशातून जातो.

तापीकाठचा_कापूसवाला :
ताई, पाळीचं मान्य. आमच्याकडंही जमीन मोकळी असेल तर करतात. माझा मुद्दा ज्याच्याकडं पाण्याची सोय आहे त्याचा होता, हे मी आधी स्पष्ट लिहायला हवं होतं. आणि प्रामाणिकपणे सांगतो, लवकर कपाशीचा एक तोटा आम्हीही भोगलाय. बोंडअळीला लवकर खाद्य मिळतं. जूनच्या आधी लावू नका असं कृषी विभाग त्यासाठीच सांगतो. तरी धूळपेरणी चूक, असं मी म्हणणार नाही.

दाढवाला (राजापूर) :
कोकणातून दोन ओळी. आमच्याकडं धूळवाफेवर भाताची दाढ (लावणीची रोपं) रोहिणीतच पेरतात, आणि ते बरोबर आहे, कारण इथं मागाहून पाऊस दगा देत नाही. तेव्हा ‘मे महिन्यात पेरू नका’ हे घाटावरचं वाक्य आहे. आम्हाला 2025 च्या मे महिन्यानं मारलं ते दुसरीकडं. शेवटचा हापूस झाडावर, आमसुलं अंगणात, लाकडं उघड्यावर. पावसाळ्याची सगळी बेगमी एका रात्रीत भिजली.

मंडळातला_माणूस :
माप आणि वही या मुद्द्यावर मला विरोध करायचा आहे. मी महसुलाशी संबंधित कामात आहे, एवढंच सांगतो. चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पडला की महसूल मंडळात (काही गावांचा गट) अतिवृष्टी धरतात. तो आकडा मंडळाच्या स्वयंचलित हवामान केंद्रावरून येतो. राज्यात महावेध प्रकल्पाची अशी दोन हजारांहून जास्त केंद्रं आहेत. घरच्या बाटलीचा आकडा कागदावर चालत नाही. लोकांना वह्या लिहायला लावाल, उद्या ते वह्या घेऊन कार्यालयात येतील आणि हताश होऊन परत जातील. त्यापेक्षा केंद्र योग्य जागी आहे का, त्यावर झाडाची सावली किंवा भिंतीचा आडोसा नाही ना, हे ग्रामसभेनं तपासावं.

सीनाकाठ :
साहेब, इथं मी तुमच्याशी सहमत नाही. एका मंडळात दहा-वीस गावं, केंद्र एक. परवा दीड किलोमीटरवर 31 आणि शून्य असा फरक पडला. केंद्र कितीही नीट असलं तरी ते जिथं आहे तिथलाच पाऊस मोजणार. सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला पूर आला त्या रात्री मी बाटली दोनदा ओतली. पहाटे कंदील घेऊन बांधावर गेलो तर सोयाबीनच्या शेंगा पाण्याखाली, वर फक्त शेंडे. 65 मिलिमीटर म्हणजे एकरावर दोन लाख साठ हजार लिटर पाणी. ते कुठल्या बांधावरून आलं आणि कुठून गेलं, हे गावानं लिहून ठेवलेलं नसेल तर चर कुठं काढायची हे पुढच्या वर्षीही कळत नाही. वही मी भरपाईसाठी मागत नाहीये. पेरणीसाठी आणि चरीसाठी मागतोय.

माप करायला खर्च नाही. दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून उलटा करून तिच्यातच बसवा, म्हणजे पाणी उडत नाही. बुडाला खळगे असतात, म्हणून तळात खडे टाकून सरळ भागापर्यंत पाणी भरा आणि तिथं शून्याची रेघ मारा. वर शाळेतली पट्टी चिकटवा, एक मिलिमीटर म्हणजे एक मिलिमीटर. झाडापासून, वळचणीपासून लांब, उघड्यावर, खुंटीला बांधून. रोज सकाळी साडेआठला वाचायचं, कारण हवामान खातंही साडेआठलाच मोजतं, म्हणजे आकडे शेजारी ठेवता येतात.

खुरपंवाली :
हे आमच्या बचत गटात सांगते. एक जोडा त्याला. वहीत ओलीचाही रकाना ठेवा. कुदळीनं वीतभर खणायचं, खालच्या मातीचा लाडू वळतो का बघायचं. वळला आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर वाफसा. चिकटून राहिला तर थांबा, वळलाच नाही तर ओल नाही.

मंडळातला_माणूस :
चरीसाठी म्हणत असाल तर माझा आक्षेप मागं घेतो. पण वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा की ही नोंद नुकसानीच्या पंचनाम्याला पुरावा नाही. लोकांची फसगत झालेली मी पाहिली आहे.

सीनाकाठ :
ते लिहीन. मात्र तीन-चार गावांच्या वह्या एका मंडळात जमल्या, तर केंद्र वाढवून मागायला त्यांचा उपयोग होईल, हे माझं मत कायम आहे.

माणदेशी_तात्या :
नातवाला बाटली कापायला बसवलंय. रकान्यात नक्षत्रही लिहिणार, ते मी सोडणार नाही.