कोल्हापूरकरांनो, पेट्रोलसाठी कोगनोळीपर्यंत जाणं अजून परवडतं का?

रंकाळाकाठ
आमच्या कॉलनीत अजून निम्मे लोक रविवारी गाडी काढतात, कागल ओलांडून दूधगंगेच्या पुलापलीकडे, कर्नाटकातल्या कोगनोळीत टाकी फुल्ल करतात आणि विजयी मुद्रेनं परत येतात. पूर्वी लिटरमागं चार-पाच रुपये वाचायचे, तेव्हा ठीक होतं. पण जून 2024 मध्ये कर्नाटकनं पेट्रोलवरचा विक्रीकर 25.92 टक्क्यांवरून 29.84 वर नेला आणि तिकडचा दर एका झटक्यात तीन रुपयांनी चढला. आता राहिलेला फरक दीड-दोन रुपयांचा. कावळा नाक्यापासून जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतात. बाईक 45 चं ॲव्हरेज देत असली तरी एक लिटरच्या वर जळतं, म्हणजे शंभराच्या पुढं गेले. वाचले किती? आठ लिटरला सोळा रुपये. माझं म्हणणं, ही सवय आता सोडा.

पंचतारांकित_शिफ्ट
भावा, हिशोब कावळा नाक्यापासून कशाला मांडतोस? आम्ही कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत रोज जातोयच की. सुटलो की तसंच पुढं जायचं, टाकायचं आणि घरी. आमच्यासारखी हजार पोरं हायत. दोन रुपये तर दोन रुपये, फुकट कोण देतंय?

रंकाळाकाठ
घर कोल्हापुरात आणि पंप उलट्या दिशेला! ते ‘तसंच पुढं’ परत यायला धर की हिशोबात.

गडहिंग्लजची_सून
ज्यांचा रस्ताच तिकडून जातो त्यांना का अडवताय? माझं सासर गडहिंग्लज. आम्ही कोल्हापूरहून निपाणी, संकेश्वर करतच गावी जातो. महिन्यातून दोनदा जाणं होतंच, तेव्हा कारची टाकी तिकडे भरतो. 35 लिटरला साठ-सत्तर रुपये सुटतात. त्यासाठी वेगळी फेरी मारणं मात्र मलाही वेडेपणाच वाटतो.

टेम्पो_छत्तीस
तुम्ही सगळे पेट्रोलवाले. डिझेलचं काय? आमचा सगळा धंदा सीमेवरच्या पंपांवर उभा होता. 2024 ला तिकडं डिझेल तीन रुपयांनी वाढलं, परत एप्रिल 2025 ला कर 21.17 टक्के केला, आणखी दोन रुपये. आता फरक जवळजवळ नाहीच. क्लीनर अजून विचारतो, ‘मालक, पुलापलीकडं टाकायचं न्हवं?’ मी म्हणतो, जिथं रांग नाही तिथं टाक.

करदाता_शाहूपुरी
मला तर तत्त्वाचाच प्रश्न वाटतो. इथल्या खड्ड्यांवर रोज ओरडायचं, आणि कर भरायचा बंगळूरच्या तिजोरीत. वर ‘बेळगावसह संयुक्त महाराष्ट्र’च्या घोषणा द्यायलाही हेच पुढे.

पंचतारांकित_शिफ्ट
तत्त्व ठेवा घरात. महाराष्ट्रात पेट्रोलवर 25 टक्के व्हॅट, वर लिटरमागं 5 रुपये 12 पैसे. ते 5.12 कशाचं, ते आधी सांगा. कच्चं तेल उतरू दे, चढू दे, ते तसंच. टक्का तरी दराबरोबर कमी-जास्त होतो. एवढं देऊन खड्डे तेच, मग मी दोन रुपये वाचवले तर राज्य बुडणार हाय व्हय?

बांद्याचा_बाबल्या
तुमचो वाद ऐकान हसाक येता. खरो फरक बघूचो आसा तर आमच्या बांद्याक येवा. पत्रादेवी ओलांडली की गोवा, लिटरमागे सात-आठ रुपये कमी. सावंतवाडीपासून गाड्यो तिकडेच भरतत. 2012 मध्ये पर्रीकरांनी पेट्रोलवरचो व्हॅट जवळजवळ काढूनच टाकलो होतो, तेव्हा तर काय मजा होती!

रंकाळाकाठ
बाबल्या, कोल्हापूरहून आंबोली उतरून पेट्रोलला यायचं म्हणजे मासे खाऊनच परत जावं लागेल. ते पैसे कोण देणार?

मीटर_बघा_आधी
दोन रुपयांवर भांडताय आणि पंपावर फोनमध्ये डोकं घालून उभे राहता. प्रत्येक पंपावर 5 लिटरचं प्रमाणित माप ठेवावंच लागतं आणि गिऱ्हाइकानं मागितलं तर मोजून दाखवावं लागतं. त्यात 25 मिलिलिटरपर्यंतची तूट चालते, त्यापेक्षा जास्त आली की वैधमापनशास्त्रकडे, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे तक्रार. मी एकदा मागितलं. पोऱ्या आधी ‘मॅनेजर जेवायला गेलेत’ म्हणाला. थांबतो म्हटल्यावर आतनं पत्र्याचं माप आलं, धूळ पुसत. भरलं तर बरोबर रेघेला. तेव्हापासून तिथंच टाकतो, एक पैसा स्वस्त नसला तरी.

आणि पहाटेच्या गारव्यात जास्त पेट्रोल मिळतं हे सांगणाऱ्यांनी कृपया इथं येऊ नये. टाकी जमिनीखाली असते, तिथं सकाळ-दुपारचा फारसा फरक पडत नाही.

करदाता_शाहूपुरी
माप बरोबर असलं तरी दर तोच राहतो ना? मग स्वस्त काय पडलं?

मीटर_बघा_आधी
पाच लिटरला शंभर मिली कमी मिळालं तर दहा रुपये गेले. तुमच्या सीमेवरच्या पाच लिटरात तेवढेच वाचतात.

निपाणीकर
इकडची खबर देतो. पूर्वी रविवारी आमच्या पंपावर कोल्हापूरच्या एमएच 09 गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत यायची. आता तशी गर्दी नाही. सवयीचे तेवढे येतात, पैसे देताना ‘किती झाला ओ दर?’ विचारतात आणि गप्प होतात. कर बंगळूरला जात असला तरी पंपावरचा पोरगा तुमच्याशी मराठीतच बोलतो, हेही करदात्यांनी ध्यानात घ्यावं.

पंचतारांकित_शिफ्ट
मी शनिवारी येतोयच. चहा सांगून ठेवा.