अनुभव धागा: दिग्दर्शकाला कधी सांगावं?

सेटवर काहीतरी खटकतं. सांगावं की गप्प बसावं, आणि सांगायचं तर कधी? तुमच्यावर आलेला प्रसंग लिहा. सुरुवात मी करते.

मी कंटिन्यूटी बघते, म्हणजे एक शॉट दुसऱ्याशी जुळतो की नाही ते. एका भांडणाच्या दृश्यात कॅमेरा लाइन (दोन पात्रांना जोडणारी कल्पित रेषा) ओलांडून पलीकडे लागला. दोघंही एकाच दिशेला बघताहेत असं दिसणार, हे मला शॉट लागतानाच कळलं. पण दिग्दर्शक अभिनेत्रीशी हळू आवाजात बोलत होते, ती रडण्याच्या बेतात होती. मी थांबले. टेक अप्रतिम झाला आणि मग मी सांगितलं. तिला तो पुन्हा तसा देता आला नाही. आता मी तालमीतच विचारते, तेही प्रश्न म्हणून: "हिची नजर डावीकडे हवी ना?"

फोकस पुलर (कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणारा): आमच्याकडे थांबायची सोयच नाही. फोकस हुकला तर 'कट' झाल्या झाल्या सांगायचं. लहान मॉनिटरवर तो दिसेलच असं नाही, हात चुकलेला मलाच कळतो. एकदा लाजेनं बोललो नाही. एडिटला नेमका तोच टेक हवा होता.

बूम ऑपरेटर (लांब दांडीवरचा माइक धरणारा): अभिनेता वाक्याचा शेवट गिळत होता. मी परस्पर त्यालाच म्हणालो, "थोडं मोठ्यानं बोला." शब्द ऐकू आले, कुजबुज गेली. दिग्दर्शकांना कुजबुजच हवी होती. त्यांनी मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, "माइक अजून जवळ आला असता का?" आला असता.

लाइट विभाग: चोकवाल्या जुन्या ट्यूब, ५० हर्ट्झ वीज, कॅमेरा सेकंदाला २४ फ्रेमवर, शटरचा कोन १८० अंश. चित्र लुकलुकण्याची भीती होती. दिग्दर्शकांकडे न जाता छायालेखकांच्या कानावर घातलं, त्यांनी शटर १७२.८ अंश केलं, म्हणजे दर फ्रेमला १/५० सेकंद, विजेच्या लयीशी जुळणारं. मात्र लाइटचा स्टँड डगमगताना दिसला तेव्हा चालू टेकमध्ये ओरडलो. टेक गेला. पुन्हा दिसलं तर पुन्हा ओरडेन.

सहाय्यक दिग्दर्शक: एक संवाद जास्तीचा आहे, असं मला पटकथेच्या वाचनापासून वाटत होतं. तेव्हा बोलले नाही. शूटच्या दिवशी, सगळ्या युनिटसमोर बोलले. दिग्दर्शक "नाही" म्हणाले. रात्री त्यांचा फोन आला: "वाचनाच्या वेळी सांगितलं असतंस तर कापला असता." तो संवाद अजून चित्रपटात आहे.