लेकाच्या रक्तातलं शिसं: आधी ११.८, आता ६४?

साताऱ्याची_आई:
मुलगा तीन वर्षांचा आहे. यजमानांचं बॅटरी दुरुस्तीचं दुकान घराखालीच, म्हणून डॉक्टरांनी रक्तातलं शिसं तपासायला सांगितलं. बोटाला टोचून केलं तेव्हा ११.८ आलं. मग हातातून रक्त काढून मोठ्या लॅबला पाठवलं, तर ६४! डोळ्याला डोळा नाही. शिसं बाहेर काढायची औषधं लगेच सुरू करायची का?

आयसीपीवाली:
ताई, आकड्यापुढचं एकक बघा. पहिल्यावर मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटर आणि दुसऱ्यावर प्रति लिटर असेल, तर ६४ म्हणजे ६.४. म्हणजे आधीपेक्षा वाढलेलं नाही. मी रक्तातले धातू मोजणाऱ्या आयसीपी-एमएस मशीनवरच काम करते. एककामुळे आईबाप असे हवालदिल झालेले बघवत नाहीत. ते ठळक छापायलाच हवं.

११.८ वर फार विसंबू नका. बॅटरीच्या घरात मुलांच्या बोटांवर शिशाची धूळ असतेच. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने ती नीट निघत नाही, साबणाने हात धुवूनच टोचायचं असतं. बारीकसा कण थेंबात उतरला तरी आकडा फुगतो. म्हणून शिरेतल्या रक्तावर खात्री करतात.

साताऱ्याची_आई:
हो, प्रति लिटरच आहे! जीव भांड्यात पडला. मग आता काही करायला नको ना?

आयसीपीवाली:
करायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सूचनांप्रमाणे डेसीलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आलं की शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवायचं. लहान मुलांना शिसं बाहेर काढायची औषधं त्याच एककात साधारण ४५ पासून पुढे देतात, आणि तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्या. लोह कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं. एक ते तीन महिन्यांत पुन्हा शिरेतलंच रक्त द्या, शक्यतो त्याच लॅबला.

कराडचा_बॅटरीवाला:
वहिनी, दादांना कपडे आणि चपला दुकानातच बदलायला सांगा. ते कपडे बाळाच्या कपड्यांत धुवू नका. कोरडा झाडू बंद, ओल्या फडक्याने पुसा.
आयसीपीवाल्या ताई, मला शिशासोबत जस्तही तपासायचंय. एकाच ट्यूबमध्ये होईल?

आयसीपीवाली:
नाही दादा. शिसं जवळजवळ सगळं तांबड्या पेशींत असतं, त्याला अख्खं रक्त लागतं. जस्त सहसा सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या पातळ भागात, मोजतात आणि साध्या ट्यूबच्या रबरी बुचातूनही ते उतरतं. गडद निळ्या झाकणाची, सूक्ष्म मूलद्रव्यांसाठीची ट्यूब मागा. ती नसेल तर रक्त देऊ नका, दुसरीकडे जा.