गो सोर्सवरून बिल्ड करायचंय, पण ते आधी गोच मागतंय!

अडकलेला_बिल्ड: दोन दिवस झाले डोकं फोडतोय. गो या प्रोग्रामिंग भाषेच्या १.२४ चा सोर्स (मूळ कोड) घेतला, मेक डॉट बॅश ही बिल्ड स्क्रिप्ट चालवली तर म्हणतं आधी चालू गो कुठे आहे ते गोरूट_बूटस्ट्रॅप या व्हेरिएबलमध्ये दे. अरे पण मी गोच बनवतोय ना! आधीच कंपाइल केलेली तयार बायनरी घ्यायची नाहीये, सगळं सोर्सवरूनच हवंय आणि हाताशी फक्त जीसीसी आहे, म्हणजे सी भाषेतला कोड चालणाऱ्या प्रोग्राममध्ये बदलणारा कंपायलर. जीसीसीने जुनं १.४ बनवून दाखवलं तर तेही जुनं म्हणून नाकारतंय. मग पहिला गो कंपायलर बनला तरी कशाने?

पायरीपायरीने: सी ने बनला. १.४ पर्यंत कंपायलर सी मध्येच होता, ऑगस्ट २०१५ मध्ये १.५ आलं तेव्हा तो गोमध्ये नेला, म्हणून आता गो बनवायला गो लागतं. तुझं १.४ वाया नाही गेलं, फक्त थेट उडी मारता येत नाही. १.१९ पर्यंतचं कुठलंही व्हर्जन १.४ ने होतं, १.२० ला किमान १.१७ लागतं, १.२२ ला १.२० आणि १.२४ ला १.२२. म्हणजे १.४ ने १.१७.१३ बनव, त्याने १.२०, त्याने १.२२, मग तुझं १.२४. प्रत्येक वेळी त्या व्हर्जनचं शेवटचं पॅच रिलीज घे, आणि १.४ बनवताना सीगो_एनेबल्ड (गोमधून सी कोड वापरायची सोय) शून्य ठेव, नाहीतर नव्या जीसीसीवर रडतं.

दुसरा_डोळा: मशीन एआरएम६४ (६४-बिट एआरएम प्रोसेसरचं) असेल तर ही साखळी तिथे सुरूच होणार नाही, १.४ ला तो आर्किटेक्चर माहीतच नाही. एक्स८६ (इंटेल, एएमडी प्रोसेसरच्या) मशीनवर साखळी पूर्ण कर आणि तिथे गोओएस, गोआर्कमध्ये तुझ्या मशीनची ऑपरेटिंग सिस्टम नि प्रोसेसर देऊन बूटस्ट्रॅप डॉट बॅश चालव, जे फोल्डर तयार होईल ते इकडे आणून गोरूट_बूटस्ट्रॅपला दे.

आणि बायनरी नको हा तुझा हट्ट मला मनापासून पटतो. युनिक्सच्या जनकांपैकी एक असलेल्या केन थॉम्पसनने १९८४ मध्येच दाखवलं होतं की कंपायलरच्या बायनरीत लपवलेली खोड सोर्समध्ये कुठेच न दिसता पुढच्या प्रत्येक कंपायलरमध्ये उतरत राहते, सोर्स कितीही वाचा. पण मग तुझा जीसीसी कुठून आला? तोही कुणीतरी दिलेली बायनरीच असणार. जीसीसी स्वतःला तीनदा बनवून दुसऱ्या नि तिसऱ्या फेरीच्या ऑब्जेक्ट फाइल्स ताडून बघतो, त्याने बिल्डमधली गडबड पकडली जाते, असली लपलेली खोड नाही.

अडकलेला_बिल्ड: एक्स८६ च आहे. १.१७.१३ झालं!! १.२० लावलंय. जीसीसीचं मात्र डोक्यात बसलं, हे झालं की तिकडे वळतो.