मुलं पुढाकार घ्यायला कुठे शिकली? गोव्यातल्या शिक्षक, विद्यार्थी, पालकांनी आपापले अनुभव लिहा

फोंडा, हायर सेकंडरी शिक्षक

नमस्कार मंडळी. मी अकरावी-बारावीला शिकवतो आणि शाळेचं एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं युनिट बघतो. जूनमध्ये नवी बॅच आली की पहिला प्रश्न असतो तो वर्षाला करायच्या समाजसेवेच्या १२० तासांचा, ते कुठल्या कामाने भरायचे. पण मला त्याच्या पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं, की तास भरून झाल्यावर त्या मुलाला चार माणसं गोळा करून एखादं काम तडीस न्यायला येतं का? २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांतली साधारण ४० हजार मुलं घेऊन एनएसएस सुरू झालं, तेव्हाही नुसती साफसफाई करून घेणं हा हेतू नव्हता, मुलांची जडणघडण हाच होता.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मुलाच्या हातात खरा निर्णय दिला तरच तो पुढाकार घेतो. कुठला रस्ता झाडायचा ते सरांनी ठरवलं, झाडू सरांनी आणले, सरपंचाला फोन सरांनी केला आणि मुलांनी टोप्या घालून फोटोला उभं राहायचं, यात मुलं फारतर रांगेत उभं राहायला शिकतात. आणि दुसरं, काम असं पाहिजे की ते झालं नाही तर कुणाचं तरी खरोखर अडेल.

तुम्ही काय पाहिलंत ते लिहा. विद्यार्थी असाल तर तुमच्या बाजूने लिहा. कुणी काय ठरवलं, कुठे अडलं, मोठी माणसं कधी बाजूला झाली, हे जरूर लिहा. शाळेचं किंवा कुणाचं नाव नको.

सत्तरी, हायस्कूल शिक्षिका

सर, जुलै २०२१ चा पूर आठवतो ना. आमच्याकडे मातीची घरं बसली, कोणाच्या घरात कमरेएवढं पाणी, आणि तेव्हा शाळा तर कोविडमुळे बंदच, मुलं रेंज मिळायला डोंगरावर चढून तास करायची. पूर ओसरल्यावर मदत खूप आली, तांदूळ, चादरी, कपडे, पण टेम्पो यायचा तो मुख्य रस्त्यालाच थांबायचा आणि रस्त्याजवळच्या घरांना दोन-दोनदा मिळायचं, आतल्या वाड्यांपर्यंत काही पोचायचंच नाही.

आमचा नववीतला एक मुलगा, वर्गात कधी तोंड उघडलं नाही त्याने, मार्क जेमतेम. त्याने स्वतःहून एका वहीत वाड्यावाड्याची यादी करायला घेतली. कोणाची शेगडी गेली, कोणाकडे तान्हं मूल आहे, कोणाच्या आजीच्या प्रेशरच्या गोळ्या वाहून गेल्या, कोणाची पुस्तकं भिजली. गाव त्याला तळहातासारखं माहीत, कारण तो सकाळी घरोघरी दूध द्यायचा. मी एवढंच केलं की त्याच्या आईला विचारून, मदत आणणारा जो कोणी मला फोन करेल त्याला या मुलाला आधी भेटा म्हणून सांगायला लागले. मग त्याच्याबरोबर वर्गातल्या तीन मुली आल्या. त्या चौघांनी बसून ठरवलं की आधी शेगडी आणि औषधं, दप्तरं-पुस्तकं नंतर. त्यातल्या दोघींची स्वतःची पुस्तकं गेलेली, तरी.

एक काका त्याच्यावर भर रस्त्यात ओरडले, आमच्या घराला कमी का म्हणून. मी पुढे जाणार होते पण त्याने वही उघडून दाखवली, काका, तुमच्याकडे हे पोचलंय, त्या घरात अजून काहीच नाही. काकांनी वही पूर्ण वाचली आणि मग स्वतःच टेम्पोवाल्याला आतली वाट दाखवायला गेले. मी इतकी वर्षं वर्गाचा मॉनिटर मार्क बघून नेमत होते, आता नाही नेमत.

तिसवाडी, इंजिनियरिंगचा विद्यार्थी

माझा अनुभव बारावीचा. आमचं गाव मांडवीच्या काठाला, अर्धी शेती खाजन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचा बांध असतो आणि त्यात मानस, म्हणजे लाकडी दारं, भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटतं आणि ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर जातं. बांध फुटला तर सगळं शेत खारट होतं, मग कोरगुटसारखं खारं सोसणारं भातसुद्धा टिकत नाही.

आमच्या बांधाला दोन ठिकाणी पाणी झिरपत होतं. आम्ही मुलांनी जोशात ठरवलं की श्रमदान करून माती टाकूया. सर नाही म्हणाले नाहीत, फक्त म्हणाले आधी ज्यांचं शेत आहे त्यांना विचारून या. गेलो तर तिथले म्हातारे शेतकरी म्हणाले, बाबांनो, तुमची माती पुनवेच्या उधाणाला एका रात्रीत जाईल, हे काम तुमच्या खोऱ्यांचं नाही, ते जांभे दगड घालून नीट करायला हवं, त्याला पैसे मंजूर व्हावे लागतात. आमचा प्लॅन तिथेच बदलला. आम्ही बांध चालत जाऊन कुठे झिरपतं ते कागदावर काढलं, भरतीच्या वेळी आणि ओहोटीच्या वेळी फोटो घेतले, कोणाच्या शेतात किती पाणी आलं ते लिहिलं आणि ग्रामसभेत मांडायचं ठरवलं.

पण ग्रामसभेचे सदस्य म्हणजे गावच्या मतदारयादीत नाव असलेले, आम्ही सगळे सतरा वर्षांचे! मग ज्यांचं शेत बुडत होतं त्या शेजारच्या काकीला आम्ही तयार केलं. ती जन्मात कधी सभेत बोलली नव्हती. आम्ही तिच्या ओसरीवर बसून तिच्याकडून प्रश्न बोलून घ्यायचो, मी पंचायतीचा पंच व्हायचो आणि तिला उलटे प्रश्न विचारायचो. रविवारी ती उठली, आमचा नकाशा हातात धरला आणि बोलली, आणि कोणीतरी मध्ये तोडायला बघितलं तर म्हणाली माझं संपूं दी. ठराव झाला. दुरुस्ती पुढच्या उन्हाळ्यात झाली, तोवर आम्ही शाळा सोडली होती. स्टेजवर भाषण मी खूप केलेत, बक्षिसं पण आहेत, पण दुसऱ्याला बोलतं करणं हे मी तिथे शिकलो आणि आता कॉलेजात ग्रुप प्रोजेक्ट असला की मला त्याचाच उपयोग होतो.

बार्देश, पालक

वरचं वाचून बरं वाटलं पण दुसरी बाजू लिहितो. माझ्या मुलीला एका सरकारी कार्यक्रमाच्या आधी खुर्च्या पुसायला आणि मैदान झाडायला नेलं, दिवसभर उन्हात, आणि वहीत लिहिलं समाजसेवा. मुलांना फुकटचे कामगार म्हणून वापरणं सर्रास चालतं. घरी आल्यावर मी तिला विचारलं आज काय केलंस, ती म्हणाली वाट बघितली. याला नेतृत्व म्हणायचं असेल तर माझी हरकत आहे.

फोंडा, हायर सेकंडरी शिक्षक

तुमची हरकत शंभर टक्के बरोबर आहे, आणि ती लिहिलीत म्हणून आभार. आमच्याकडे असं काम आलं तर मी मुलांनाच विचारतो, करायचं का. मुलांना नाही म्हणता आलं पाहिजे, आणि कारण देऊन म्हणता आलं पाहिजे. गेल्या बॅचने एका मिरवणुकीला नकार दिला, पत्र त्यांनीच लिहिलं, मी फक्त सही केली. त्या पत्राची भाषा इतकी नम्र होती आणि मुद्दा इतका पक्का की समोरच्यांनी वाईटही वाटून घेतलं नाही.

काणकोण, माजी स्वयंसेविका, आता नर्सिंगला

मी किचनबद्दल लिहिते. सात दिवसांचं एनएसएस कॅम्प, सकाळी श्रमदान, दुपारी कोणाचं तरी व्याख्यान, संध्याकाळी नाच-गाणी. मला किचनचं प्रमुख केलं तेव्हा मी रडकुंडीला आले, मला वाटलं मुलगी म्हणून ढकललं. पण टीचरनी पैशांचं पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, पन्नास जणांचं सात दिवसांचं रेशन तू ठरव, हिशेब तू ठेव, कमी पडलं तर मला रात्री नको सांगू, सकाळी सांग.

पहिल्याच दिवशी भात कमी पडला आणि बटाटे उरले. दुसऱ्या दिवशी मी गावातल्या बायकांकडे गेले, चवथीला आणि देवळाच्या जेवणाला त्या शंभर-शंभर माणसांचं करतात, त्यांना सगळं माप माहीत. एका मावशीने मला माणशी तांदूळ किती, डाळ किती, नारळ किती ते वाटीने मोजून दाखवलं. मग मी पाळ्या लावल्या. मुलगे कांदे कापायला येत नव्हते, श्रमदान करून दमलो म्हणायचे. मी भांडले नाही, पाळीचा कागद भिंतीला लावला आणि त्यात सरांचं नाव पहिल्या दिवशी घातलं. सर येऊन बसले कांदे कापायला. त्यानंतर कोणी तोंड वर करून बोललं नाही.

शेवटच्या रात्री हिशेब सगळ्यांसमोर वाचला, उरलेले पैसे कशाला वापरायचे यावर तासभर वाद झाला आणि शेवटी त्या वाड्यावरच्या अंगणवाडीला पाण्याचा फिल्टर घेतला. माझे बाबा आधी कॅम्पला पाठवायलाच तयार नव्हते, मुलीने रात्री बाहेर राहायचं म्हणून. टीचर घरी येऊन आईशी बोलल्या, राहायची खोली, बाथरूम, कोण कोण शिक्षिका असणार सगळं सांगितलं तेव्हा कुठे हो म्हणाले. हे पण लिहायला हवं, कारण कितीतरी मुली इथेच गळतात, त्या कॅम्पच्या गेटपर्यंत पोचतच नाहीत. आज वॉर्डात ड्युटी लावताना, सामान मोजताना मला ते पाकीट आठवतं.

वाळपई, आरोग्यसेविका

सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे पेशंट यायला लागले. गोचिडीमुळे होतो, आणि लोक काजूच्या हंगामात रानात जातात तेव्हाच धोका जास्त. अंगाला लावायचं तेल आम्ही वाटायचो, लोक घरी ठेवून द्यायचे. हायस्कूलची मुलं मदतीला आली, आम्ही म्हटलं शाळेत पथनाट्य करा. मुलंच म्हणाली, शाळेत कोण येणार बघायला, संध्याकाळी सगळे भट्टीवर असतात, बोंडू म्हणजे काजूची फळं घेऊन. दारूच्या भट्टीवर मुलांना कसं न्यायचं म्हणून शिक्षक घाबरले, मग दोन पालक बरोबर गेले, उजेड असताना जाऊन यायचं ठरलं. मुलांनी तिथे स्वतःच्या आजोबांनाच सगळ्यांसमोर विचारलं, आज तेल लावलं होतं का? मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता कोणाला कळवायचं तेही तिथेच सांगितलं. आमच्या पोस्टरपेक्षा जास्त उपयोग त्याचा झाला असं मला तरी वाटतं.

पेडणे, बीएस्सी

मोरजीला कासवांच्या मोसमात आमच्या ग्रुपने काम केलंय. घरट्यांची राखण वनखात्याची माणसं करतात, अंड्यांना आपण हात लावायचा नाही, ऑलिव्ह रिडले हे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमधलं आहे. आमच्याकडे काम होतं लाइटचं. पिल्लं अंधारात समुद्राच्या उजेडाकडे जातात आणि किनाऱ्यावर लाइट असले की उलटी फिरतात. शॅकवाल्यांना, म्हणजे किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्यांना, लाइट कमी करा सांगायचं, तेही धंद्याच्या ऐन टायमाला. आमच्यातला जो सगळ्यात मोठ्याने बोलायचा त्याला कोणी उभं करेना. एक मुलगी होती, तिचे काका स्वतः शॅक चालवतात, ती आधी काकांकडेच गेली, त्यांच्याकडून दिव्यांवर लाल कागद लावून घेतला, मग बाकीच्यांना सांगायची, बघा तिथे गिऱ्हाईक काही कमी झालं नाही.

डिचोली, निवृत्त मुख्याध्यापक

मी थोडं जुनं सांगतो. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. आमची शाळा सुरुवातीला देवळाच्या सभामंडपात भरायची. चौथीतल्या मुलांनी पहिली-दुसरीतल्या मुलांना वाड्यावरून आणायचं, ओहोळाला पाणी आलं तर थांबायचं की जायचं ते चौथीतल्यांनी ठरवायचं. मला ते आठव्या-नवव्या वर्षी करावं लागलं. त्याला कोणी प्रकल्प म्हणत नव्हतं.

मुख्याध्यापक झाल्यावर मी एक नियम ठेवला होता, प्रमुखपद महिन्याने फिरतं ठेवायचं. काही मुलांना पुढे उभं राहायला आवडत नाही आणि त्यांच्यावर जबरदस्ती करू नये असं म्हणणारे शिक्षक भेटतात. माझं म्हणणं, पुढे उभं राहायला नको तर हिशेब ठेवू दे, वेळ पाळायला लावू दे, पण कशाची तरी जबाबदारी प्रत्येकाकडे यायलाच हवी. आणि काम झाल्यावर मुलांना गोल बसवून विचारा, काय जमलं, काय नाही, पुढच्या वेळी कोण काय करणार. पाव तास लागतो. तो पाव तास सगळ्यात आधी कापला जातो आणि त्याचंच मला फार दुःख आहे.

वास्को, शिक्षिका

आमच्या अकरावीच्या मुली संध्याकाळी मजूर वस्तीतल्या लहान मुलांचा अभ्यास घेतात. दरवर्षी परीक्षा जवळ आली की हे बंद पडायचं आणि लहान मुलं दाराशी येऊन परत जायची. एका मुलीने, जी स्वतः त्याच वस्तीत वाढलेली, घरात कन्नड, शाळेत मराठी शिकलेली, तिने डिसेंबरातच दहावीतल्या दोघींना बरोबर बसवायला सुरुवात केली. आता वर्ग मार्चमध्येही चालू असतो. प्रत्येक मुलाचं कुठलं अक्षर अडतं याची वही पुढच्या मुलीकडे जाते.

सांगे, नवीन शिक्षक

सगळ्यांचं वाचलं, खूप शिकायला मिळालं. माझी अडचण अशी की आमची सगळी मुलं बालरथने, म्हणजे शाळेच्या बसने येतात-जातात, शाळा सुटली की बस लगेच निघते, मागे थांबवता येत नाही. पट लहान, आठवी ते दहावी. कुठून सुरुवात करू?

सत्तरी, हायस्कूल शिक्षिका

आमच्याकडेही तेच आहे. काम शाळेजवळ ठेवूच नका, मुलांच्या वाड्यावर ठेवा. प्रत्येक वाड्याचा गट करा, वेगवेगळ्या वर्गांची मुलं एका गटात, म्हणजे मोठी लहानांना घेऊन चालतात. काम त्यांनाच शोधायला सांगा, आठवडाभर फक्त बघा आणि लिहून आणा म्हणावं, कोणाचं काय अडतंय.

फोंडा, हायर सेकंडरी शिक्षक

आणि पहिलं काम लहान घ्या, पावसात करता येईल असं. डेंग्यूसाठी घराभोवतीचं साचलेलं पाणी बघणं हे चांगलं, टायर, करवंट्या, कुंड्यांच्या ताटल्या, दर शनिवारी, कारण डासाच्या अळीला वाढायला आठवडा-दहा दिवस लागतात, तेवढ्यात पुन्हा बघायला हवं. कोणतं घर कोणी बघायचं ते मुलांना ठरवू दे. एखाद्या घरी आत येऊ दिलं नाही तर काय करायचं ते तुम्ही आधी सांगू नका, सोमवारी मुलं काय करून येतात ते ऐका. जुलैअखेर इथे येऊन लिहा काय झालं ते.