एलेक्ट्रा: असॅसिन – उपहास की नुसता रंगांचा पसारा?

तिरकस: फ्रँक मिलर आणि बिल सिंकेविचची 'एलेक्ट्रा: असॅसिन' ही कॉमिक मालिका (मार्व्हलची एपिक शाखा, 1986-87) पुन्हा वाचली. आठ अंक. पहिला कळत नाही, बाकीचे कळून उपयोग नाही. तो राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार केन विंड तर दर चौकटीत तोच चेहरा घेऊन हसतो. दुसरा चेहरा काढायचा कंटाळा आला होता का?

शाईदौत: अहो, विनोद तोच आहे! चेहरा झेरॉक्स करून चिकटवलाय. अंग वळतं, प्रसंग बदलतो, हसू तेच. प्रचाराच्या पोस्टरवरचा माणूस हिंडतोय, आणि आत 'बीस्ट' नावाचा सैतान बसलाय. पहिला अंक तुटक आहे, कारण एलेक्ट्रा, म्हणजे आपली मारेकरी नायिका, वेड्यांच्या इस्पितळात आहे आणि आठवणी क्रमाने येत नाहीत. लहानपण म्हणूनच पोरांच्या खडूचित्रांसारखं. शील्ड या गुप्तहेर संस्थेचा एजंट गॅरेट आला की गोष्ट रुळावर येते. तिथपर्यंत दम धरा ना!

उलटतपासणी: झेरॉक्स मान्य. पण उजव्या विचारांचा रीगन अमेरिकेत सत्तेवर असताना सैतान कोणात घुसवला? केनेडी छापाच्या गोडबोल्या उदारमतवाद्यात! आणि गोष्टीतला, अणुबॉम्बच्या बटणावर बसलेला राष्ट्राध्यक्ष नुसता चक्रम. दोघांना सारखं झोडलं की कुणालाच लागत नाही.

शाईदौत: शेवट वाचलात का? (न वाचलेल्यांनी पुढे जा.) गॅरेटचं मन विंडच्या शरीरात जातं आणि तो राष्ट्राध्यक्ष होतो. शील्डचा हा रांगडा, रक्ताळ एजंट थेट व्हाइट हाउसात. हे कुणालाच लागत नाही म्हणता?

जुनाबाजार: ते राहू द्या. तिरकस, वाचलीत कशावर?

तिरकस: मोबाइलवर. चौकट-चौकट.

जुनाबाजार: तरीच! साध्या कॉमिकमध्ये काळी रेघ आकार सांभाळते, रंग थोडा सरकला तरी चालतं. इथे बऱ्याच जागी रेघच नाही. जलरंगाच्या छटा, कोलाज, झेरॉक्स, यांवरच आकार उभा. छपाई किंवा स्कॅन जरा गडद झाला की सावलीतली माणसं गायब. त्यात चौकट मोठी करून पाहिली की पानाची मांडणीही गेली. जाड एकत्रित आवृत्तीत जोडपानांचा मधला भाग शिवणीत जातो. पिना मारलेले सुटे अंक सपाट उघडतात, ते शोधा.

तिरकस: म्हणजे उपहास कळायला आधी रद्दीवाल्याकडे जायचं? छान.

कोपऱ्यातला: एलेक्ट्रा 'डेअरडेव्हिल' कॉमिकच्या 181 व्या अंकात मेली ना? मग ही कोण?

शाईदौत: ही गोष्ट त्याआधीची. 168 व्या अंकात ती डेअरडेव्हिलच्या आयुष्यात परत येते, त्याच्याही आधीची. 181 वाचायची गरजच नाही.

उलटतपासणी: मूळ मुद्द्याला उत्तर नाहीच आलं. गॅरेट निवडून येतो तो विंडच्या चेहऱ्यावर. म्हणजे मतदार मूर्ख, एवढंच? हे सांगायला आठ अंक?

शाईदौत: निवडणुका बघता आठ कमीच पडले.

तिरकस: बरं, तो चेहरा तुमच्या खात्यात जमा. टॅब्लेटवर तरी चालेल का, जुनाबाजार महाराज?

जुनाबाजार: चालेल. आडवा धरा, दोन पानं एकत्र दिसू द्या, आपोआप चौकट मोठी करणारी सोय बंद करा. आणि तो रात्रीचा पिवळा पडदाही काढा, नाहीतर निळे-जांभळे सगळे एकच दिसतील आणि पुन्हा इथेच येऊन भांडाल.