महार वतनाच्या सातबाऱ्यावर आत्यांची नावं लागतील का?

हवेली_०७: हवेली तालुक्यातली जमीन, इनाम वर्ग ६ब, म्हणजे गावकीच्या चाकरीबद्दल मिळालेलं महार वतन. आजोबा १९८५ ला वारले. सातबाऱ्यावर फक्त थोरल्या काकांचं नाव आणि पुढे 'ए.कु.मॅ.'. दोन आत्यांपैकी एक १९९८ ला वारली. आता भाव चढल्यावर काका आत्यांकडे हक्कसोडपत्रावर (आपला वाटा सोडल्याच्या कागदावर) सह्या मागताहेत. वर "आपण बौद्ध, हिंदू वारसा कायदा आपल्याला नाही" असंही सांगतात. आत्यांचा हक्क आहे का?

वहिवाट: आहे. १९५६ चा हा कायदा कलम २ प्रमाणे बौद्धांनाही लागू आहे. आजोबांच्या वाट्यात आजी, मुलगे आणि मुली १९८५ पासूनच समान वारस आहेत; त्यासाठी मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क देणारी २००५ ची दुरुस्ती लागतच नाही. वारलेल्या आत्याचा वाटा तिच्या मुलांकडे आणि नवऱ्याकडे जातो. "लग्नात दिलं की" याला कायद्यात काही किंमत नाही.

फेरफार_वाचक: ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, एकटा मालक नव्हे. आधी १९८५ नंतरच्या वारस फेरफाराची (वारसांची नावं लावल्याच्या नोंदीची) नक्कल काढा. मुलींची नावं पुष्कळदा 'इतर हक्क' रकान्यात टाकलेली असतात, नाहीतर गाळलेली. मग मृत्यूचे दाखले आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून तलाठ्याकडे अर्ज करा. नोटीस निघाल्यावर हरकतीला १५ दिवस असतात. वाद पेटला तर दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा. बायकांना महाराष्ट्रात काही दाव्यांत कोर्ट फी माफ असते; ती या दाव्याला लागू होते का, हे वकिलाला आवर्जून विचारा.
हक्कसोडपत्र विनामोबदला असलं तर स्टॅम्प अगदी किरकोळ, म्हणूनच ते झटपट उरकतात. एकदा नोंदणी झाली की रद्द करून घेणं फार अवघड. मजकूर वाचल्याशिवाय आत्यांनी सही करूच नये.

मुंढवा_रोड: वतनाचं वेगळं बघा. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतनं खालसा झाली आणि जमिनी नवीन अविभाज्य शर्तीवर परत मिळाल्या. विक्रीच काय, सरस-निरस वाटपालाही (जमिनीचा कस बघून प्रत्यक्ष तुकडे पाडायलाही) जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. बिल्डर कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार) करून घेतो, परवानगीसाठी सरकारला द्यायचा नजराणा भरला जात नाही, शर्तभंग निघतो आणि जमीन सरकारजमा होण्याची वेळ येते. तोवर बिल्डरची आगाऊ रक्कम काकांच्या मुलांच्या फ्लॅटमध्ये आणि नातवांच्या इंग्रजी शाळेत गेलेली असते. आत्यांची पोरं भाड्याच्या खोलीतच.
बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या वेठीविरुद्ध विधेयक मांडलं. ती वेठ घरातल्या बायांनीही ओढली होती. त्यामुळे परवानगीच्या अर्जावर आत्यांची नावं वारस म्हणून घाला, 'संमती देणाऱ्या' म्हणून नको.